मदत हवी आहे: संत्र्याच्या लिलावाच्या नोंदीसाठी सी मध्ये लिंक्ड लिस्ट की ॲरे?

नमस्कार मंडळी,

मामांची नागपूरच्या कळमना मार्केटात संत्र्याची अडत आहे. तिथल्या लिलावासाठी सी मध्ये प्रोग्राम लिहितोय. माल उतरतो तसे लॉट यादीत चढतात, विकले की निघतात. पण भाव जमला नाही तर शेतकरी थांबतो आणि मागचा लॉट आधी जातो. म्हणजे मधूनच काढायचं आणि उरलेल्यांचा क्रम मोडायचा नाही. आंबिया बहाराच्या गर्दीत इतर अडतींनाही वापरता यावा म्हणून ४,००० लॉट धरून चाललोय.

एका नोंदीत चार इंट (पूर्णांक, प्रत्येकी ४ बाइट): लॉट क्रमांक, शेतकऱ्याचं खातं, किलो, भाव. झाले १६ बाइट. डबली लिंक्ड लिस्ट (प्रत्येक नोंदीत मागच्या आणि पुढच्या नोंदीचा पत्ता, म्हणजे पॉइंटर) केली तर ६४-बिट मशीनवर दोन पॉइंटरांचे आणखी १६. शिवाय लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक (मेमरी मागायचं फंक्शन) दर तुकड्यामागे ८ बाइट स्वतःच्या हिशोबाला घेतो आणि एकूण आकडा १६ च्या पटीत नेतो. ३२ मागितले की ४८ जातात. माहितीच्या तिप्पट!

वेगातही ॲरेच (सगळ्या नोंदी सलग जागेत) पुढे दिसतो. कॅशची (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) एक ओळ साधारण ६४ बाइटची, त्यात ॲरेच्या चार नोंदी एकदम येतात आणि पुढची ओळ प्रोसेसर आधीच मागवून ठेवतो. लिस्टमध्ये हातातला नोड (लिस्टमधली एक नोंद) वाचल्याशिवाय पुढचा कुठे आहे ते कळतच नाही. लिस्टमधून काढणं स्थिर वेळात (यादी कितीही मोठी असो) होतं असं शिकवतात, ते नोडचा पत्ता हातात असेल तरच. लॉट क्रमांकावरून शोधायचा तर यादी चालावीच लागते. ॲरेतून काढताना मेममूव्हने (मेमरीतला तुकडा सरकवणारं फंक्शन) सरासरी ३२,००० बाइट सरकतील, पण ते आजच्या मशीनला काही मायक्रोसेकंदांचं काम.

घोडं पेंड खातंय ते पुढे. शेतकऱ्याच्या खात्यातून त्याच्या लॉटकडे पॉइंटर ठेवलाय. ॲरे वाढवताना रीॲलॉकने (घेतलेली मेमरी वाढवणारं फंक्शन) तो दुसरीकडे हलवला की ते सगळे पॉइंटर निकामी. पॉइंटरऐवजी इंडेक्स (ॲरेतला जागेचा क्रमांक) ठेवला तर मधला लॉट काढला की पुढचे सगळे इंडेक्स एकाने चुकतात. लिस्टमध्ये ही भानगड नाही. निव्वळ एवढ्यासाठी तिप्पट मेमरी द्यायची का? कृपया सांगा, मामांचा हिशोब चुकायला नको.

प्रतिसाद १

काढूच नका. विकलेला लॉट शेतकऱ्याच्या पट्टीला (विक्रीच्या हिशोबाची पावती) संध्याकाळी लागणारच आहे, तो मेमरीतून घालवून काय मिळणार? भाव शून्य म्हणजे न विकलेला, असं धरा. नोंद १६ बाइटचीच राहते. इंडेक्स दिवसभर हलत नाही, रीॲलॉकने ॲरे कुठेही नेला तरी खरा राहतो. रात्री एकदा विकलेले गाळून घ्या आणि त्याच फेरीत खात्यांतले इंडेक्स दुरुस्त करा.

क्षमता वाढवताना दरवेळी दुप्पट करा. आणि रीॲलॉकचं उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या. तो फसला तर नल (कुठलाच पत्ता नसलेला पॉइंटर) देतो; ते नल थेट जुन्या पॉइंटरवर लिहिलं तर जुना ॲरे मेमरीत तसाच राहतो, पण त्याचा पत्ता हातचा जातो.

मध्येच नवे लॉट घुसवायचे असते तर वेगळं सांगितलं असतं: ॲरेतच मागचा-पुढचा इंडेक्स, चार-चार बाइटचे. नोंद २४ बाइटची होते आणि जागा न हलवता क्रम बदलता येतो.

धागाकर्ता

खूप धन्यवाद भाऊ, पट्टीचा मुद्दा एकदम पटला. अजून एक: दुपारी आलेला लॉट सकाळी विकलेल्याच्या जागेत बसवू का?

प्रतिसाद २

नको. आवकेचा क्रम मोडेल, आणि ज्याचा माल सकाळी विकला त्याच्या खात्यातला इंडेक्स दुसऱ्याच शेतकऱ्याच्या लॉटवर जाईल. १६ बाइट वाचवायला पट्टी चुकवू नका. पुढे कधी जागा पुन्हा वापरावीच लागली तर प्रत्येक जागेला एक फेरी क्रमांक द्या, जागा नव्याने दिली की तो एकने वाढवा, आणि खात्यात इंडेक्ससोबत तोही ठेवा. दोन्ही जुळले नाहीत तर ती नोंद वाचायची नाही.