मदत हवी आहे: ९१ दिवस संपले, काकांचा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) आजारपणाचा भत्ता पुढे मिळेल का?

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे आणि थोडा अभ्यासाचाही. दोन्ही एकाच धाग्यात विचारतेय, चालवून घ्या.

माझे काका येळ्ळूरहून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) जातात. २२ वर्षं मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला. गेल्या पावसाळ्यापासून खोकला, आता तर सायकल चढावर ढकलतानाही धाप लागते. दवाखान्याच्या दाखल्यावर रजा घेतली, पगाराच्या ७० टक्के हिशोबाने पैसे आले. ९१ दिवस भरले आणि थांबले. पैसे देणाऱ्या कार्यालयात म्हणाले, दवाखान्यातून कागद आणा. दवाखान्यात म्हणाले, पैशाचं आमच्याकडे नसतं. काका म्हणतात, "जाऊ दे की गं, सोमवारपासून कामावर जातो." वर भातलावणी तोंडावर. त्यांना अडवायचं तर कशाच्या जोरावर?

दाखल्यावर आजार 'ब्रॉन्कायटिस' लिहिलाय. बाहेर एक्स-रे काढला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली. रिपोर्ट यायचाय.

दुसरं, मी इथे राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.ए. करतेय, प्रबंधाचा विषय कामगारांचं आजारपण. देशभरात किती कामगार लांबच्या आजाराने घरी बसलेत, हा एक आकडा कुठे सापडेल? चार दिवस शोधतेय.

प्रतिसाद १ (जुना युनियनवाला)

ताई, पहिल्यांदा दवाखाना आणि कार्यालय वेगळं समजून घ्या, नाहीतर चपला झिजतील. आपल्याकडे दवाखाना राज्य सरकार चालवतं, पैसे ईएसआय महामंडळाचं शाखा कार्यालय देतं. दोघेही आपापल्या परीने खरं बोलले.

९१ दिवस ही साध्या आजारपणाची वर्षाची मर्यादा. पण ३४ आजारांची एक यादी आहे. टीबी, कॅन्सर, पक्षाघात, किडनी निकामी होणं असे. त्यातला आजार असेल तर वाढीव भत्ता मिळतो, ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षं. अट अशी की दोन वर्षं सलग नोकरी हवी आणि आधीच्या चार वर्गणी-कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. २२ वर्षंवाल्याला ती अडचण नाही. अडचण दाखल्यावरच्या शब्दाची. साधा ब्रॉन्कायटिस त्या यादीत बसत नाही.

प्रतिसाद २

मोल्डिंग म्हणजे वाळू, आणि वाळू म्हणजे सिलिका. थुंकी तपासतायत ती टीबीसाठी, पण फक्त तिथे थांबू नका. सिलिकोसिस (सिलिकाची धूळ छातीत जाऊन होणारा फुप्फुसाचा आजार) झालेल्याला टीबी लवकर गाठतो, आणि एक सापडला की दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. सिलिकोसिस ठरला तर तो व्यवसायजन्य आजार, ईएसआयच्या १९४८च्या जुन्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातच होता. मग प्रकरण आजारपणाचं राहत नाही, कामावरच्या इजेचं होतं आणि तात्पुरत्या अपंगत्वाला ९० टक्के. निर्णय खास वैद्यकीय मंडळ घेतं. छातीच्या डॉक्टरांना काका कोणत्या खात्यात किती वर्षं होते ते सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असं नाही.

प्रतिसाद ३

आकड्याचं मी सांगतो, पण मन घट्ट करा: तसा एक आकडा नाही. महामंडळाच्या वार्षिक अहवालात भत्त्यांचे तक्ते असतात, पण त्यात फक्त विमा असलेले, म्हणजे २१,००० पर्यंत पगार असलेले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) मागच्या १५ दिवसांतला आजार आणि मागच्या ३६५ दिवसांत रुग्णालयात भरती झाल्याचं विचारलंय. सहा महिने घरी खोकत बसलेला माणूस त्यात नुसता 'आजारी' म्हणून येतो, काम बुडालं की नाही ते वेगळं.

खरी गंमत श्रमशक्ती पाहणीत आहे, म्हणजे कोण कामावर, कोण बेरोजगार हे मोजणाऱ्या सरकारी पाहणीत. त्यात प्रत्येकाच्या स्थितीला एक कोड देतात. पगारी माणूस आजारपणामुळे आठवडाभर गेला नाही तर कोड ७१, तो कामगारच राहतो. रोजंदारीवाला आजारी पडून गेला नाही तर कोड ९८, आणि तो श्रमशक्तीच्या बाहेर! बेरोजगारसुद्धा नाही. तुमच्या प्रबंधाला एक प्रकरण इथेच मिळेल.

धागाकर्तीचं उत्तर

कोड ९८ वाचून गप्पच झाले. काकांच्या शेजारी कंत्राटदाराकडून वाळू उपसणारा एक दादा होता, त्यालाही हाच खोकला. चार महिने घरी आहे. त्याला ईएसआय नाही म्हणे.

प्रतिसाद १ (जुना युनियनवाला)

नाही कसं? पगार मर्यादेत असेल तर कंत्राटी माणसाचीही वर्गणी भरली पाहिजे, आणि कंत्राटदाराने चुकवली तर मूळ मालकावर येते. त्याच्याकडे हजेरीचं काही आहे का बघा. गेट पास, बँकेत जमा झालेला पगार, काहीही.

धागाकर्तीचं उत्तर

विचारते. काकी म्हणाली, सोमवारी हे कामावर जाणार नाहीत, एक्स-रे घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जायचं. काका सुरुवातीची सहा वर्षं दुसऱ्या फाउंड्रीत होते, ती आता बंद आहे. तिथला विमा क्रमांक वेगळा होता. मंडळासमोर ती वर्षं दाखवायला काय लागेल?