भीती वाटते म्हणजे माझा विश्वास कमी पडतो आहे का?

प्रश्न (सातपूर, नाशिक)

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील माझी नोकरी या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, छातीत धडधडू लागते आणि घराच्या कर्जाचा हप्ता, मुलीची फी, वडिलांची औषधे हे विचार उजाडेपर्यंत पाठ सोडत नाहीत. प्रार्थनेला बसलो तरी शब्द सुचत नाहीत. प्रार्थनासभेत हे सांगितले तेव्हा एका ज्येष्ठ बंधूंनी योहानाच्या पहिल्या पत्रातील ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ हे वचन ऐकवले आणि खरा विश्वास असेल तर भीती राहूच शकत नाही, असे सांगितले. त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु त्या दिवसापासून भीतीच्या जोडीला अपराधीपणाही आला आहे आणि रविवारच्या उपासनेला जाणे मी टाळू लागलो आहे. पवित्र शास्त्र याविषयी खरोखर काय सांगते?

उत्तर (निवृत्त शिक्षिका, शरणपूर रोड)

भाऊ, ते वचन त्याच्या आधीच्या ओळीसह वाचावे. तेथे विषय न्यायाच्या दिवसाचा आहे. देव आपल्याला शिक्षा करील, ही भीती त्याच्या प्रीतीमुळे जाते, असे योहान सांगतो; नोकरी गेलेल्या माणसाला हप्त्याची काळजी वाटू नये, असे तो तेथे म्हणत नाही. आपल्याला मात्र त्याच वचनाने शिक्षेची भीती घातली गेली, याचे मला फार वाईट वाटते.

जुन्या करारातील ‘1 राजे’ या पुस्तकाचा 19वा अध्याय आज सावकाश वाचावा. कर्मेल डोंगरावर बाल या दैवताच्या संदेष्ट्यांना एकट्याने तोंड देणारा संदेष्टा एलीया ईजबेल राणीचा धमकीचा एक निरोप येताच जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, अशी विनवणी करतो. देव त्याला काय म्हणाला? पहिल्यांदा काहीच नाही. एलीया झोपी गेला, देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून खायला लावले, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. होरेब डोंगरावरची देवाची ती मंद वाणी, पुढचे काम, आणि बालापुढे गुडघे न टेकलेले 7,000 लोक अजून आहेत हा दिलासा, हे सारे त्यानंतरचे आहे. खचलेल्या माणसाला देवाने आधी जेवू घातले आणि झोपू दिले. तुझा विश्वास कोठे गेला, असे विचारले नाही. गेथशेमाने बागेत तर प्रभू येशूने स्वतःच आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे शिष्यांना सांगितले आणि आपल्याबरोबर जागे राहा, अशी विनंती केली. त्या रात्रीला कोणी अविश्वास म्हणेल का?

उत्तर (नाशिकरोड)

बाईंनी लिहिलेले पटते. एवढेच जोडतो की विश्वास एका रात्रीत भक्कम होतो, असे आपण साक्षींमध्ये इतक्या वेळा ऐकतो की हळूहळू चालणाऱ्याला आपण मागे पडलो असे वाटू लागते. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. 1895 साली पतीने, म्हणजे रेव्हरंड टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. मधल्या वर्षांतील त्यांची घालमेल कोणी अविश्वास म्हणून मोडीत काढत नाही.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर 42वे स्तोत्र मोठ्याने वाचावे. ‘हे माझ्या जीवा, तू का खिन्न झालास?’ असे तो स्तोत्रकर्ता स्वतःलाच विचारतो, देवाची आशा धर म्हणून स्वतःला बजावतो, आणि पुढच्याच ओळीत पुन्हा खिन्न होतो. आपली पहाट तशीच असेल तर ती देवापुढे तशीच ठेवावी.

उत्तर (परिचारिका, पंचवटी)

झोपमोड आणि धडधड बरेच दिवस चालली असेल तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. औषध घेणे म्हणजे प्रार्थना सोडणे नव्हे. प्रेषित पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

उपासना मात्र सोडू नका, भाऊ. आपल्याला गाता येत नसेल त्या रविवारी शेजारचा गात असतो, आणि मंडळी त्यासाठीच असते. शक्य असेल तर सभेत पुन्हा सांगण्याऐवजी पाळकसाहेबांना घरी बोलवावे आणि हप्त्याचा आकडाही त्यांच्यापुढे स्पष्ट ठेवावा. मंडळीत कारखान्यांत काम करणारी माणसे असतात, त्यांना कोठे जागा निघाली आहे हे कळते. पण आपली गरज कोणी सांगितलीच नाही तर ते कोणाला कळवणार?