मदत हवी आहे: क्यूओ-१०० या हौशी रेडिओ उपग्रहावर पॉवर बीकनशी कशी जुळवता?

नमस्कार मंडळी, क्यूओ-१०० वर एसएसबी (रेडिओवर आवाज पाठवायची एक पद्धत) सुरू करतोय. २.४ गिगाहर्ट्झवर पाठवायचं, १०.४८९ वर ऐकायचं. ट्रान्सपॉन्डरची (आपले सिग्नल परत खाली पाठवणाऱ्या उपग्रहावरच्या यंत्राची) शक्ती सगळ्यांत वाटली जाते, म्हणून आपला सिग्नल बीकनपेक्षा (उपग्रहावरून सतत येणाऱ्या खुणेच्या सिग्नलपेक्षा) वरचढ नको, हे माहीत आहे. नाहीतर 'लैला' (जास्त जोरदार सिग्नल पकडणारी यंत्रणा) भोंगा वाजवतेच! (नाव गोड, आवाज कर्कश.)

पण वॉटरफॉलवर (सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावरच्या आलेखावर) तुलना नेमकी कशी करता? बीकन स्थिर असतो, बोलताना एसएसबीची पातळी मात्र सारखी नाचते. शिखर धरायचं की सरासरी? नुसता कॅरियर (आवाजाशिवायचा स्थिर सिग्नल) पाठवून मोजावं, तर कुणाच्या गप्पांवर जायची धास्ती. रिकामी दिसणारी जागा तुम्ही आधी किती वेळ ऐकता? शिवाय स्वतःचाच आवाज उपग्रहावरून पाव सेकंद उशिरा कानात आला की जीभ अडखळते. हेडफोन काढून ठेवणं बरं नाही. मग करता काय?