कोल्हापूरहून पुण्यात: हार्डवेअर स्टार्टअपवाल्यांशी ओळखी कुठून सुरू कराव्यात?

दूधपारखी:
दुधातला मिसळलेला युरिया ओळखणारं, हातात मावणारं यंत्र करतोय. दोघंच आहोत, 2 प्रोटोटाइप तयार आहेत. पुण्यात येऊन महिना झाला, ओळखीचं कुणी नाही. आठवड्याला 5-6 तासच बाहेर पडता येतं. मोठ्या स्टार्टअप संमेलनांना जावं का?

पाषाणकर:
सध्या नको. तिथे खिसाभर कार्डं जमतात आणि आठवड्यानं एकही चेहरा आठवत नाही. एकच जागा धरा आणि 3 महिने नेमानं जा. तुमच्यासाठी पाषाण रस्त्यावरचं व्हेंचर सेंटर. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आधारानं उभं राहिलेलं इनक्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणारं केंद्र आहे. रसायन, जैवतंत्रज्ञान, उपकरणं असं काम करणारे तिथे भेटतात. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'बिग' अनुदानाचे अर्जही त्यांच्यामार्फत करता येतात: 50 लाखांपर्यंत, 18 महिन्यांसाठी. अर्ज साधारण 1 जानेवारी आणि 1 जुलैला खुले होतात. ओळख करून घ्यायला त्या गर्दीत जाऊ नका, दोन महिने आधी जा. ॲपसाठी माणूस हवा असेल तेव्हा पुणे ओपन कॉफी क्लब हा स्टार्टअपवाल्यांचा गट आहेच. सुटे भाग बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापाशी.

भोसरीवाला:
पहिल्या मेसेजवर बरंच अवलंबून असतं. 'मार्गदर्शन हवंय' एवढंच लिहिलं तर उत्तर येत नाही, कारण नेमकं काय करायचं हे समोरच्याला कळतच नाही. असं लिहा: 'नमस्कार सर, दुधातला युरिया मोजणारं यंत्र करतोय. सेन्सरची पट्टी दमट हवेत खराब होते. तुम्ही पट्ट्या कशात पॅक करता? मंगळवारी किंवा गुरुवारी 4 नंतर 15 मिनिटं फोन करू का?' बस. डेक (स्टार्टअपची माहिती देणाऱ्या स्लाइड्स) जोडू नका. उत्तर नाही आलं तर 7 दिवसांनी एकदाच आठवण करा.

आणि सांगितलेलं करून पाहिलं की काय झालं ते कळवा, फसलं तरी. बहुतेक जण इथेच गप्प होतात आणि ओळख तिथेच संपते. पुढची ओळख करून द्या म्हणायची वेळ खरं तर त्यानंतर येते.

भेटीला यंत्र घेऊनच जा. बरोबर दोन बाटल्या: एक साधं दूध, एक मोजून युरिया घातलेलं. दुधात मुळातच थोडा युरिया असतो, एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण) मर्यादा 700 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 700 भाग आहे. त्यामुळे 'आहे' एवढं दाखवून भागत नाही, मर्यादेच्या अलीकडचं आणि पलीकडचं दूध वेगळं ओळखून दाखवायला हवं. बाटल्या बर्फाच्या डब्यात न्या. दूध आंबायला लागलं की आम्लतेनं रीडिंग हलतं आणि डेअरीचा माणूस ते लगेच हेरतो.

दूधपारखी:
सगळ्यांना यंत्र दाखवत फिरलो तर कल्पना कुणी उचलणार नाही ना?

पाषाणकर:
आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पेटंट अर्ज टाका. मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन शासकीय फी 1600 रुपये, वकिलाचे वेगळे. पूर्ण अर्जाला तिथून 12 महिने मिळतात. त्याआधी चारचौघांत यंत्र उघडून दाखवलंत तर नावीन्याचा दावाच अडचणीत येतो. तोवर फक्त निकाल दाखवा, पट्टीवरचं रसायन सांगू नका. पहिल्याच भेटीत गोपनीयतेचा करार मात्र पुढे करू नका, अनुभवी माणसं सही करत नाहीत आणि भेट तिथेच थंडावते.

दूधपारखी:
या आठवड्यात अर्ज टाकतो. खूप आभार दोघांचे. पट्टीच्या पॅकिंगबद्दल कळलं की इथेच लिहीन.