अकरा किलो उतरले आणि काटा तिथेच थांबला

सकाळची लोकल

नमस्कार. माझे वय ४४ वर्षे आणि उंची १५७ सेंटीमीटर. मागच्या वर्षी जूनमध्ये कार्यालयातर्फे झालेल्या आरोग्य तपासणीत माझे वजन ८४ किलो भरले आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आले, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या अगदी दारात. माझ्या आईला मधुमेह होता. शेवटची दोन वर्षे तिच्या पायाची जखम भरत नव्हती आणि ती रोज सकाळी मीच धूत असे. त्यामुळे तो आकडा वाचून माझे काय झाले असेल ते वेगळे लिहीत नाही.

मी डोंबिवलीला राहते आणि नोकरी बॅलार्ड इस्टेटला आहे. सकाळी सव्वासातला घर सोडते आणि परत यायला रात्रीचे आठ वाजतात. आधी एका व्यायामशाळेत वर्षाचे पैसे भरले. तिथे पहिल्याच आठवड्यात शरीरशुद्धीची कसलीशी पावडर गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला, मी नको म्हटल्यावर शिकवणाऱ्यांचे माझ्याकडे लक्ष राहिले नाही आणि महिन्याभरात माझेही जाणे सुटले. मग जे जमेल ते केले. चहातली साखर बंद केली, रात्रीचा भात सोडला, डब्यात तीन पोळ्यांऐवजी एक भाकरी आणि दुप्पट भाजी नेऊ लागले आणि सीएसएमटीपासून कार्यालयापर्यंत जाता-येता बसऐवजी चालू लागले. आठ महिन्यांत वजन ८४ वरून ७३ वर आले.

त्यानंतर मात्र गेले दहा आठवडे काटा ७३ च्या पुढेमागे दोनशे-तीनशे ग्रॅम करतो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो. फोनमधल्या नोंदीप्रमाणे मी दिवसाला १४५० कॅलरी खाते. गुरुवार आणि चतुर्थीचा उपवास पाळते. थायरॉइडसाठी टीएसएच तपासून घेतले, ते ठीक आहे. घरी सासूबाई म्हणतात की चेहरा पार उतरला आहे, दुखणेकऱ्यासारखी दिसतेस. लोकलमधल्या मैत्रिणी म्हणतात की आता पुरे झाले. आणि मला स्वतःला रात्री साडेआठला ओट्याशी उभे राहिल्यावर अशी भूक लागते की कणीक मळता मळता रडू येते.

माझा प्रश्न एवढाच आहे: आता १२०० कॅलरींवर यावे का? की माझ्या शरीराची मर्यादाच ७३ आहे असे समजून थांबावे?

कृष्णाकाठ

ताई, १२०० वर जाऊ नका, असे आधीच सांगून टाकतो. मी सांगलीचा, वय ५२. माझे वजन १०३ होते, ते मी १९ किलोंनी उतरवले, त्यातले आठ किलो दीड वर्षात परत चढवले आणि आता त्या आठांतले पाच पुन्हा उतरवले आहेत. तेव्हा हे शहाणपण माझ्या अंगावरून गेलेले आहे.

थोडा हिशेब करू. विश्रांतीच्या स्थितीत शरीराला किती ऊर्जा लागते याचे मिफ्लिन-सेंट जिओर नावाचे एक सूत्र आहारतज्ज्ञ वापरतात. त्यात स्त्रियांसाठी वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा १६१ असे मांडतात. तुमच्या ८४ किलोंना ते १४४० येते आणि ७३ किलोंना १३३०. दिवसभराचे चालणे-फिरणे धरण्यासाठी याला साधारण १.४ ने गुणले तर आधीची गरज २०१५ च्या आसपास होती आणि आताची १८६० च्या आसपास आहे. म्हणजे अकरा किलो उतरवून तुम्ही स्वतःच रोजचा दीडशे कॅलरींचा खर्च कमी केला आहे, कारण तेवढे ओझे आता जिन्यावरून आणि पुलावरून वाहून न्यावे लागत नाही. पूर्वी ज्या जेवणाने वजन उतरत होते, त्याच जेवणाने आता ते नुसते टिकते.

पण खरी गोम पुढे आहे. वजन दहा आठवडे जागचे हलत नाही याचा अर्थ पोटात १८६० च्या आसपास जात आहे. नोंदीत १४५० आहेत. मग मधले चारशे गेले कुठे? कृपया राग मानू नका, तुम्ही खोटे लिहिता असे मी म्हणत नाही. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात ‘आम्ही १२०० सुद्धा खात नाही, तरी वजन हलत नाही’ असे सांगणाऱ्या माणसांचा प्रत्यक्ष खर्च आणि आहार मोजला गेला. त्यांची चयापचयाची गती व्यवस्थित होती. खाणे मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितले होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. मी ते वाचले तेव्हा मलाही राग आला होता. नंतर मी माझी तेलाची किटली वजनकाट्यावर ठेवली.

तुम्हीही तेच करा. रविवारी रात्री किटली भरून तिचे वजन लिहून ठेवा, आठवडाभर स्वयंपाक नेहमीसारखाच करा, मध्ये तेल ओतले तर तेही मोजा आणि पुढच्या रविवारी वजाबाकी करा. फोनमधले ॲप ‘भाजी, एक वाटी’ असे म्हणते तेव्हा त्यात कोणाच्या हातची फोडणी धरली आहे हे त्याला ठाऊक नसते. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी, पोह्यांचा मोठा चमचा भरून तेल म्हणजे १२०. आमच्याकडे चौघांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागत असे. भागाकार केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि मी नोंदीत ९० लिहीत होतो. शिवाय आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी. ती वर तेल घालून खायची असते आणि तोंडी लावण्याच्या पदार्थाला कोणी मोजत नाही.

उपवासाचेही पाहा. साठ ग्रॅम कोरडा साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप एवढ्याची खिचडी साडेचारशे कॅलरींच्या घरात जाते, आणि तीन तासांनी पुन्हा भूक लागते. उपवास सोडू नका, तो तुमचा आणि देवाचा प्रश्न आहे. खिचडी तेवढी बदला.

दोनवेळ

मी वेगळ्या वाटेने गेलो, म्हणून लिहितो. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोहोचवलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत मी तीन वर्षे पाळतो आहे: दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि त्यांच्यामध्ये काही नाही. माझे पहिल्या वर्षात नऊ किलो उतरले. मला ती मानवली याचे कारण माझ्या मते अगदी साधे आहे. माझे सगळे वाढीव खाणे कार्यालयातल्या चार वाजताच्या चहाबरोबर होत असे आणि या पद्धतीत तो चहाच गेला. माझ्या पत्नीला मात्र पित्ताचा त्रास होऊन ती दोन महिन्यांत सोडावी लागली. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणांतले अंतर वाढवू नये, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते.

ताईंचे रात्रीचे जेवण बहुधा साडेनऊला होत असेल. तेव्हा त्यांच्या दिवसात ही पद्धत बसवणे अवघड दिसते.

रानजाई

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे आणि वजन उतरवण्याच्या नादात गुडघे आणि कंबर दुखावून आलेल्या स्त्रिया मला रोज भेटतात, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

सकाळची लोकल, तुमच्या पूर्ण प्रश्नात स्नायू हा शब्द कुठेच आलेला नाही. नुसते खाणे कमी करून वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. चाळिशीच्या मध्यावर, पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत, ते एरवीही झिजत असतातच. सासूबाईंना तुमचा चेहरा उतरलेला दिसतो तो सगळाच त्यांच्या मायेचा भाग नसावा. दिवसभरात प्रथिने किती जातात ते मोजा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निरोगी प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम सुचवलेले आहे, म्हणजे तुम्हाला निदान ६० ग्रॅम. वजन उतरवत असताना याहून थोडे अधिक लागते. एक भाकरी, भाजी आणि रात्री पातळ आमटी एवढ्यावर चाळीसही होत नाहीत. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीस. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हे डॉक्टरांना विचारूनच वाढवावे.

रात्री साडेआठच्या भुकेचे उत्तरही माझ्या मते इथेच आहे. एक वाजता डबा खाल्लेल्या बाईने साडेआठपर्यंत चहावर राहायचे आणि मग इतरांसाठी पोळ्या लाटायच्या, हे कोणाच्याही निग्रहाच्या पलीकडचे आहे. निघण्याआधी कार्यालयातच सहा वाजता वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी खा आणि ती नोंदीत रीतसर लिहा.

दुसरी गोष्ट व्यायामाची. चालणे उत्तम आहे, ते चालू ठेवा, पण स्नायूंना सांभाळायला भार लागतो. घरातल्या खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड दहा, आणि दोन लिटरच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन खांद्यावर उचलणे दहा. याच्या तीन फेऱ्या आठवड्यातून तीन दिवस केल्या तरी पंधरा-वीस मिनिटांत होतात.

आणि काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, टेप न आवळता माप घ्यावे. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषांसाठी ९० च्या पुढचा घेर धोक्याचा धरतात. मधुमेहाच्या दृष्टीने पाहिले तर ७३ या आकड्यापेक्षा हा घेर अधिक बोलका आहे.

सकाळची लोकल

सर्वांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ दादा, राग आला होता, हे कबूल करते. किटली कालच काट्यावर ठेवली आहे. रानजाई, मी टेपने मोजले, ९२ आले. मागच्या जूनमध्ये कार्यालयाच्या कागदावर १०१ लिहिलेले होते, ते मी आजवर वाचलेच नव्हते.

सकाळची लोकल

सहा आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काय झाले ते न सांगता धागा सोडून जाणारे मला स्वतःलाच आवडत नाहीत.

पहिल्या आठवड्यात तेलाची वजाबाकी १०१० ग्रॅम आली. घरात आम्ही चौघे, म्हणजे माणशी रोज ३६ ग्रॅम. मी नोंदीत दहा लिहीत होते. फरक झाला सव्वादोनशे कॅलरींचा. दुसरी चोरी लोकलमध्ये सापडली. संध्याकाळच्या गाडीत आमच्यातली एक मैत्रीण खारे दाणे घेते आणि पुडी सगळ्यांपुढे फिरते. घाटकोपर ते ठाणे या टप्प्यात माझ्या वाट्याला येणारी मूठ मी घरी काट्यावर मोजून पाहिली, तर ती पंचवीस ग्रॅम, म्हणजे १४० कॅलरींची निघाली. तिसरी चोरी मुलाच्या ताटातली. उरलेला दहीभात टाकून द्यायचा नाही हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि तो टाकला जाऊ नये म्हणून रोज उभ्याने खात आले आहे. दादांचे चारशे असे तंतोतंत भरले.

तेल निम्म्यावर आणायचे ठरवले, पण ते सोपे गेले नाही. सासूबाईंनी पहिल्या रविवारी वांग्याची भाजी पानात तशीच ठेवली. आता फोडणी मोजून तीन चमच्यांची करते, वांगी आधी वाफवून घेते आणि त्यांच्या पानात वरून कच्चे तेल वेगळे घालते. आमचा तह एवढ्यावर झाला आहे. दाणे मी घेत नाही, सहा वाजता मटकी खाते. गुरुवारी खिचडीऐवजी वरईचा भात आणि ताक घेते, कूट एक चमचा. खुर्चीचे व्यायाम आठवड्यात तीनदा ठरले होते, प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोनदाच झाले.

आज सकाळी वजन ७१.६ होते आणि घेर ८९. एचबीए१सी पुढच्या महिन्यात तपासायचे आहे. ओट्याशी रडू येणे मात्र दुसऱ्याच आठवड्यात थांबले आणि मला त्याचेच सर्वांत जास्त समाधान आहे.

काल चार पोलकी घट्ट करायला शिंप्याकडे दिली. त्याने विचारले की जास्तीचे कापड कापून टाकू की आत माया ठेवू. दादांचे परत चढलेले आठ किलो आठवले आणि मी म्हटले, माया असू द्या.

कृष्णाकाठ

ताई, मी माझे जुने शर्ट उत्साहाच्या भरात वाटून टाकले होते आणि पुढच्या वर्षी नवे शिवावे लागले. एचबीए१सी आले की कळवा.