मदत हवी आहे: कॅरॅव्हॅनच्या हबचे जुनेच नट परत बसवलेत

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहतो. कॅरॅव्हॅन (कारमागे ओढायचं फिरतं घर) एका एक्सलची, दोन चाकांची, आल्को कंपनीच्या चासीची (खालच्या सांगाड्याची). ब्रेक ड्रम प्रकारचे, बेअरिंग सीलबंद. मागच्या आठवड्यात घरी येणाऱ्या मेकॅनिककडून वार्षिक सर्व्हिसिंग करून घेतलं. ब्रेक शू तपासायला दोन्ही ड्रम काढले होते, बिलातही तसं लिहिलंय. पण बिलात हबच्या नटांचा (चाकाच्या मधोमध ड्रमला एक्सलवर धरून ठेवणारा मोठा नट, प्रत्येक चाकाला एक) उल्लेखच नाही. विचारलं तर म्हणाला, "जुनेच चांगले होते, घट्ट आवळलेत."

माझ्या माहितीप्रमाणे हे नट एकदाच वापरायचे असतात. ड्रम काढला की नवा नट, आणि तो २९० न्यूटन-मीटरला आवळायचा. (चाकाचे बोल्ट वेगळे, ते मी स्वतः तपासलेत, ठीक आहेत.)

आतापर्यंत केलेलं: ग्रीसची टोपी काढून पाहिली. नटावर जुन्या रंगाची खूण दिसते, म्हणजे नट जुनाच. चाक उचलून हलवून पाहिलं, खडखड नाही, मोकळं फिरतं. नवे दोन नट मागवलेत. ३२ मिमीचा सॉकेट आहे, पण माझा टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) २०० न्यूटन-मीटरपर्यंतच जातो, मोठा भाड्याने आणावा लागेल. त्याच मेकॅनिकला परत बोलवायची इच्छा नाही. तीन आठवड्यांनी स्कॉटलंडला जायचंय, तोवर कॅरॅव्हॅन जागची हलवणार नाही.

ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी सांगा: ड्रम जागेवरच ठेवून फक्त नट बदलला तर चालतं, की ड्रम उतरवून बेअरिंग बघणं भाग आहे? आणि २९० ला आवळताना चाक फिरू नये म्हणून नुसता हँडब्रेक पुरतो का?