प्रतिसाद: फोनवर नेट चालतं, लॅपटॉपवर नाही
तुमच्या विंडोज लॅपटॉपवर नेट नाही, पण त्याच वायफायवर फोन चालतोय म्हणजे लाइन ठीक आहे, त्यामुळे आधी कुणीतरी दिलेला राउटर रीसेट करायचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) 'आयपीकॉन्फिग /ऑल' (अर्थात इंग्रजी अक्षरांत, ipconfig /all) चालवून वायफायखालचा आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा क्रमांक, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, विंडोजने स्वतःच तात्पुरता लावून घेतलाय. मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' करून राउटरकडे नवा पत्ता मागून बघा.

पत्ता १९२.१६८.०.२५ आणि गेटवे (म्हणजे राउटरचा पत्ता) १९२.१६८.१.१ असं दिसलं, सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग सारखा हवा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे जुळत नाहीत, म्हणजे बहुधा कुणीतरी हाताने भरलेला जुना पत्ता तसाच राहिलाय. वायफायच्या सेटिंगमधल्या आयपीव्ही४च्या प्रॉपर्टीजमध्ये पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा क्रमांक शोधणारी सेवा) दोन्ही 'ऑटोमॅटिकली'वर टाका.

हे ठीक असेल तर आधी गेटवेला पिंग करा (म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढे पत्ता टाकून उत्तर येतं का बघा), मग ८.८.८.८ ला, हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता आहे. दोन्हीकडून उत्तर येतं पण साइटच्या नावाला पिंग केल्यावर ते नाव सापडतच नाही असं येतं, तर दोष डीएनएसचा. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' करून साठवलेली जुनी नावं पुसून बघा. नावानेही पिंग होतंय आणि फक्त ब्राउझर ठप्प आहे? सेटिंग्जमध्ये मॅन्युअल प्रॉक्सी (नेटची वाहतूक दुसऱ्या मध्यस्थ संगणकातून नेणारं सेटिंग) चालू राहिलाय का बघा. ऑफिसच्या लॅपटॉपवर हा हमखास सापडतो.